पिशवी बोलतेय

नवऱ्याची भर सभेत फजिती करावी, असा नीलांबरी जंगमच्या मनात काडीइतकाही विचार नव्हता. तिला फक्त एक प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पण प्रात्यक्षिकांचं काही सांगता येत नाही. फसली तर हसं होतं, आणि हे तर नको तितकं जमलं.

नीलांबरी सोनघाट तालुक्याची नायब तहसीलदार. निवडणूक आली की मतदान कर्मचाऱ्यांना शिकवायची जबाबदारी तिच्यावर. पूर्वी हे शिकवणं म्हणजे यंत्र कसं जोडायचं, मोहोर कुठे लावायची, आणि दुपारी पुरीभाजी. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अख्खा दिवस वाढला होता. कर्मचारी त्याला 'कृत्रिमचा तास' म्हणायचे आणि मागच्या खुर्च्या धरायचे. भर एप्रिलची दुपार, सभागृहातले पंखे गरम हवाच इकडची तिकडे करत होते. दोनशे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक पेंगत होते. तिसऱ्या रांगेत तिचा नवरा सोमेश्वर बसला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो मास्तर, आणि या वेळी त्याला केंद्राध्यक्ष, म्हणजे एका मतदान केंद्राचा प्रमुख, नेमलं होतं.

"हे सगळं बागुलबुवा म्हणून ऐकू नका," नीलांबरी सांगत होती. "नियंत्रण कक्षात आपल्याकडे 'सोबती' नावाची प्रणाली आहे. कुठल्या केंद्रावर रांग वाढतेय, कुठे म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या लागणार, कुठल्या रस्त्यावर दरड आलीये, हे ती आपल्याआधी सांगते. आकाशातल्या उपग्रहाची नजर, वाऱ्याचं मोजमाप, मागच्या वर्षांचा अनुभव, सगळं एकत्र करून पुढचा अंदाज बांधते. मागच्या निवडणुकीत तिच्यामुळे तीन केंद्रांचं पाणी वेळेवर पोचलं. हा झाला फायदा. आता धोका बघा."

आणि तिने आवाजाचं गणित समजावलं. यंत्र आवाजाची नुसती नक्कल करत नाही. त्याने आधीच लाखो माणसांचे आवाज ऐकलेले असतात, त्यामुळे माणूस बोलतो कसा हे त्याला ठाऊक असतं. तुमचा आवाज त्या लाखोंपेक्षा वेगळा कुठे आहे, एवढंच त्याला शोधायचं असतं. श्वास कुठे घेता, 'ळ' कसा उच्चारता, वाक्य कुठे सोडून देता. त्याला तुमची चार वाक्यं पुरतात. खोटा आवाज पकडणारी यंत्रंही निघाली होती, पण खोटं बनवणारी यंत्रं त्यांच्याच परीक्षेला बसून शिकत होती, म्हणून पकडणारा कायम एक पाऊल मागे.

"मॅडम, एवढं का फसतंय कोण!" मागून एक तलाठी म्हणाला. "घरच्या माणसाचा आवाज काय ओळखू येणार नाय होय?"

त्याच क्षणी सोमेश्वरचा फोन वाजला. नीलांबरीनेच तशी व्यवस्था केली होती, नंबरही सासूबाईंचाच दिसेल अशी. गावच्या एका लग्नाच्या चित्रफितीतून सासूबाईंचा आवाज तिने यंत्राला दिला होता आणि सांगितलं होतं, मुलाची ख्यालीखुशाली विचार, बस्स. सोमेश्वरने नाव बघितलं, 'अव्वा'. आईला तो अव्वा म्हणायचा. सभेत बोलायचं नाही म्हणून बिचारा वाकून, कुणाचे पाय न तुडवता, बाहेर व्हरांड्यात गेला. इकडे दोन्ही बाजूंचं बोलणं सभागृहाच्या ध्वनिक्षेपकावर सुरू झालं, हे त्याला कुठून कळणार?

"सोम्या, जेवलास का रे?"

"जेवलो, अव्वा. प्रशिक्षणात आहे."

सभागृहात हशा पिकला. पेंगणारे ताठ बसले. नीलांबरीही हसली. एवढ्यावर थांबवायचं असं तिने ठरवलं होतं. बोट कळीकडे गेलंही होतं.

"आवाज का असा पडलाय तुझा, बाळा?" यंत्राने विचारलं.

 मग सोमेश्वरचा आवाज आला, अगदी लहान पोराचा असावा तसा. "निकाल लागला गं. शाळांच्या केंद्रप्रमुखपदाच्या परीक्षेचा. याही वेळी नाही झालो पास. नीलूला अजून बोललो नाही. ती एवढी अधिकारी, आणि मी... तिला काय तोंड दाखवू, अव्वा?"

नीलांबरीने कळ दाबली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोनशे माणसं छताकडे बघत होती. सोमेश्वर आत आला, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून त्याची नजर फिरली, मग ध्वनिक्षेपकावर, मग बायकोवर. तो शहाणा माणूस होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. तो आपल्या खुर्चीवर बसला आणि उरलेला दिवस त्याने टिपणं काढली.

त्या दिवसापासून घरात ती 'मॅडम' झाली.

"दूध तापवून ठेवलंय, मॅडम."

"सोमेश, असं नको ना करू. मला खरंच माहीत नव्हतं रे तू काय बोलशील ते."

"तुला माहीत नव्हतं हेच तर म्हणतोय मी." तो पातेलं झाकत होता. "त्या मशीनला दोन वाक्यांत कळलं माझा आवाज पडलाय. तू पंधरा दिवस माझ्या समोर जेवत होतीस."

 नीलांबरी ओट्याशी उभी राहिली आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

'मॅडम'च्या आधी तो तिला काय म्हणायचा, हे सांगायला हवं. लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी दोघं एसटीने सोनघाटला येत होती. वाटेत एका थांब्यावर सोमेश्वर पाण्याची बाटली आणायला उतरला आणि गाडी सुटली. आत नवी नवरी, हातात दोन गाठोडी. तो मागून धावायला लागला. आता बायकोचं नाव घेऊन चारचौघांत बोंबलायचं कसं? 'माझी बायको, माझी बायको' हे तर त्याहून वाईट! तो जिवाच्या आकांताने ओरडला, "माझी पिशवी! अहो, माझी पिशवी राहिली!" कंडक्टरने घंटी मारली, गाडी थांबली, सोमेश्वर धापा टाकत चढला. "कुठंय पिशवी?" कंडक्टरने विचारलं. सोमेश्वरने मान खाली घालून नीलांबरीकडे बोट दाखवलं. अख्खी गाडी हसून लोळली, आणि नीलांबरी त्या गाडीतच त्याच्यावर भाळली.

तेव्हापासून ती पिशवी. "पिशवे, चहा घेणार?" "पिशवी रुसली वाटतं!" पण हे फक्त दोघांत. लोकांसमोर ती त्याला 'अहो' म्हणायची, कार्यालयात 'सर'. घरात 'अरे' आणि 'सोमेश'. आणि तो शब्द सोमेश्वरने कधी फोनवर काढला नाही की कुठे लिहिला नाही. लाजच तशी होती त्याला.

त्या प्रशिक्षणानंतर तो शब्द घरातून गेला.

मतदानाच्या दिवशी नियंत्रण कक्षात पहाटेपासून वर्दळ होती. तहसीलदार इनामदार साहेब तापट, पण मनाने सरळ. फोन सांभाळायला तबस्सुम मुल्ला, तालुक्यातली सगळ्यात चटपटीत लिपिक. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सोबतीचा नकाशा, त्यावर हिरवे ठिपके, म्हणजे सुरळीत चाललेली केंद्रं. अगदी डोंगरावरचा एकुलता ठिपका पाचमाळचा. तिथल्या शाळेतल्या केंद्रावर सोमेश्वर होता. पाचमाळला मोबाइलला रेंज नाही, केंद्रासाठी एक उपग्रह फोन दिलेला, तोही नुसता बोलण्यापुरता. घाटरस्त्याने गाडी जायला तास लागतो.

सकाळीच घोळ सुरू झाला. कुणीतरी केंद्रांवर फोन करायला लागलं. आवाज नीलांबरीचा. तिच्या प्रशिक्षणाच्या ध्वनिफिती तालुकाभर फिरत होत्या, चोराला आणखी काय पाहिजे? फोनवरची नीलांबरी सांगायची, यंत्रात बिघाड आहे, मतदान थांबवा, रांगेतल्यांना घरी पाठवा. खऱ्या-खोट्यासाठी त्या दिवसाचा एक परवलीचा आकडा ठरलेला होता. पण एका केंद्रावरच्या भोळ्या कर्मचाऱ्याने "हाच ना आकडा मॅडम?" म्हणून तोच वाचून दाखवला. झालं! पुढच्या फोनला चोराकडे आकडाही होता.

"सगळ्यांना कळवा," नीलांबरी तबस्सुमला म्हणाली, आणि मग स्वतःच प्रत्येक केंद्राशी बोलली. "आकडा रद्द. आता फोनवरून आलेला कुठलाच आदेश पाळायचा नाही. माणूस समोर येऊन उभा राहील तेव्हाच ऐकायचं. कुणाचंही ऐकू नका. माझंही नाही."

पाचमाळचा नंबर लागला तेव्हा सोमेश्वर म्हणाला, "आम्हालाही आला होता मघाशी फोन. मॅडमच्या आवाजात. 'अहो, ऐकलंत का' म्हणत होत्या. ठेवून दिला."

"कसं ओळखलंत, सर?"

"कामाच्या फोनवर तुम्ही मला 'अहो' म्हणत नाही. आणि घरात तर नाहीच." त्याने फोन ठेवला. तबस्सुमने ओठ दाबून हसू आवरलं. नीलांबरीला मात्र वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. सगळ्या तालुक्यात याच एका माणसाने धडा पक्का गिरवला होता.

दुपार झाली. फोन थंडावले, मतदान मार्गी लागलं, इनामदार साहेबांनी डबा उघडला. तेवढ्यात पडद्यावर पाचमाळच्या पश्चिमेला लाल ठिपका उमटला आणि त्याच्याशेजारी एक बाण. सोबतीने लिहिलं होतं: कड्यापलीकडे वणवा. वारा फिरतो आहे. आग कडा ओलांडून शाळेपर्यंत येण्याची दाट शक्यता. अंदाजे वेळ पाऊण तास. खाली उतरणारा रस्ता त्याआधी आगीत सापडेल. सुरक्षित जागा: गावतळ्याचं कोरडं पात्र.

"वणवे तर रोजच लागतात," इनामदार म्हणाले. "आणि हे यंत्र तरी खरं बोलतंय कशावरून? सकाळपासून यंत्रांनीच आपल्याला उल्लू बनवलंय!"

नीलांबरी खिडकीशी गेली. तालुक्याच्या मागच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग होती. सकाळपासून त्यांची तोंडं पूर्वेला होती. आता एक एक करून त्या सावकाश वळत होत्या. दुपारनंतर कोकणाकडून वारा चढतो आणि घाटमाथ्यावर येतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत. सकाळी जो वारा आगीला गावापासून दूर लोटत होता, तोच आता तिला गावाकडे आणणार होता. मध्ये सगळं वाळलेलं गवत.

"साहेब, चक्क्या बघा. हे यंत्र खरं सांगतंय."

इनामदारांनी बघितलं आणि डबा बाजूला सारला. "गाडी पाठवा. वनखात्याला कळवा. पण गाडीला तास लागणार! फोन लावा, मॅडम, फोन!"

फोन लावताना नीलांबरीला सकाळचं आठवलं. कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही. तिचेच शब्द.

"पाचमाळ," सोमेश्वरचा आवाज आला. मागे बायकांचा गलका, कुणाचं तरी खोकणं.

"सर, नियंत्रण कक्षातून नीलांबरी जंगम. नीट ऐका. कड्यापलीकडे वणवा आहे. वारा फिरलाय. पाऊण तासात आग शाळेवर येईल. रस्त्याने खाली उतरू नका. सगळ्यांना घेऊन तळ्याच्या कोरड्या भागात जा. यंत्र बरोबर घ्या. मतदान तात्पुरतं थांबवा."

"सकाळी यंत्र बिघडलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "आता आग लागलीये. संध्याकाळी भूकंप का?"

"धूर दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतोय. पलीकडे जातोय. एप्रिलात रोज दिसतो. मॅडम, किंवा जे कुणी असाल ते, माझ्या रांगेत पन्नास माणसं आहेत, निम्मी सत्तरीपुढची. यंत्र उचलून यांना उघड्यावर नेलं की चोराला हवं तेच होणार. नोकरी माझी जाईल ते जाऊ दे, या म्हाताऱ्यांची मतं जातील. उन्हातान्हात आल्यात त्या. माणूस समोर येऊ दे, मी हलतो. तसा आदेश आहे."

"तो आदेश माझा आहे!"

"म्हणून तर पाळतोय."

 तिने सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं, घरातल्या गळक्या नळाचं सांगितलं, पहिल्या शाळेचं नाव सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे सगळं कधी ना कधी फोनवर बोललंय. तुम्हीच शिकवलंय, फोनवर बोललेलं सगळं चोरीला गेलं असं समजा म्हणून. ठेवतो."

"थांब!" ती ओरडली. कक्षातली सगळी माणसं वळून बघायला लागली. इनामदार साहेब, तबस्सुम, दोन अभियंते, पोलीस उपनिरीक्षक, चहाची किटली घेऊन आलेल्या बाई. फोन ध्वनिक्षेपकावर होता, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक शब्दाची नोंद होत होती. नीलांबरीला व्हरांड्यात उभा असलेला सोमेश्वर आठवला, दोनशे माणसं ऐकत होती तेव्हाचा. तिने डोळे मिटले.

"मी पिशवी बोलतेय."

कक्षातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"कुठली पिशवी?" इनामदार घाबरून उठले. "मोहोरबंद पिशवी? हरवली?"

पडद्यावर सोबतीने लगेच पिवळा इशारा दिला: पाचमाळ, साहित्याची पिशवी गहाळ असण्याची शक्यता. उपनिरीक्षकांनी वही काढली.

नीलांबरीला कुणाचं भान नव्हतं. "अरे सोमेश, तुझी पिशवी बोलतेय रे. गाडी सुटलीये. या वेळीही तूच धाव. माझं चुकलं, अव्वांचा आवाज घेतला ते फार चुकलं, ते मी तुला समोर येऊन सांगेन. पण आता धाव!"

फोनमध्ये खरखर झाली. सोमेश्वर कुणाला तरी काहीतरी म्हणाला, शब्द कळले नाहीत. आणि फोन बंद पडला.

पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा. तेच.

"ऐकलं असेल का हो?" तबस्सुमने हळूच विचारलं.

"नाही माहीत."

मग फक्त बघणं उरलं. उपग्रहाचं चित्र दर थोड्या वेळाने बदलायचं. लाल ठिपका कड्याला टेकला, कड्यावर चढला, मग अलीकडे ओघळला. सोबतीने आखलेल्या वाटेनेच तो जात होता, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. शाळेचा हिरवा ठिपका आधी पिवळा झाला, मग विझला.  चहाच्या बाईंनी नीलांबरीच्या हातात कप दिला आणि तो तिने तसाच धरून ठेवला. देवाचं नाव घ्यायचं तिला सुचलं नाही. ती मनातल्या मनात एसटीच्या मागे धावणाऱ्या एका माणसाला बघत होती.

अखेर फोन वाजला. "मॅडम, हवालदार ढेबे बोलतोय, पाचमाळवरनं. सगळी माणसं तळ्यात हायत. यंत्र हाय. सरांनी एका आजीला पाठुंगळी मारून आणलं. शाळेचं छप्पार गेलं, पर माणूस एक बी गेलं न्हाई."

कक्षात एकच जल्लोष झाला. इनामदार साहेबांनी टेबलावर थाप मारली. फक्त तबस्सुमने तोंडावर हात ठेवला आणि नीलांबरीकडे बघितलं. "मॅडम... खरंच ढेबेच आहेत ना हे?"

जल्लोष जागच्या जागी थांबला. खोटा ढेबे असेल तर? गाड्या निम्म्या वाटेवरून परत याव्यात, एवढ्यासाठीच कुणी हे बोलत असेल तर? कुणालाच सांगता येईना. आवाजावरून काही ठरत नाही, एवढं सकाळपासून सगळ्यांना कळलं होतं.

"मी जाते," नीलांबरी म्हणाली आणि कप ठेवला.

ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. घाटभर काळं पडलेलं गवत, जळका वास. तळ्याच्या कोरड्या, भेगाळलेल्या चिखलात पन्नास माणसं बसली होती, पदरांनी तोंडं पुसत. एका म्हाताऱ्या बाई ढेब्यांशी भांडत होत्या, की मी मत दिल्याशिवाय इथून हलणार नाही. मधोमध मतदान यंत्र, आणि त्याला पाठ लावून सोमेश्वर. सदरा काळा, भुवया होरपळलेल्या.

नीलांबरी धावत गेली आणि दोन हातांवर थांबली. तिला वाटलं, आधी हात लावावा, मग वाटलं, त्याला चालेल का?

सोमेश्वरने तिला नखशिखांत न्याहाळलं. "ओळखपत्र?"

"सोमेश!"

"दाखवा, मॅडम. आदेश आहे."

तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं, वाचलं, फोटोवरून अंगठा फिरवला, आणि मग तो माणूस ढसाढसा रडायला लागला. तीही त्याच्याशेजारी चिखलात बसली. मागे कुणी बाई म्हणाल्या, "रडू द्या त्यास्नी, लई धावला."

"कसं ठरवलंस?" तिने नंतर विचारलं.

"शब्द ऐकला आणि पाय हलले. मग धावता धावता मनाशी म्हटलं, खोटं निघालं तर पुन्हा मतदान घेता येईल. खरं निघालं तर पुन्हा काहीच घेता येणार नाही. पण हे नंतरचं, नीलू. आधी पाय हलले."

"अव्वांचा आवाज..."

"ऐकलं मी. फोनवर बोललीस ना!" तो म्हणाला. "सगळ्या तालुक्यासमोर बोललीस. आता राहू दे." ती तरीही बोलली. समोर येऊन सांगेन म्हणाली होती, ते तिने सांगितलं, आणि परीक्षेचंही विचारलं. पुढच्या वेळी बसणार का, काय अवघड जातं, सगळं. उशीर झाला होता, पण विचारलं.

पाचमाळला पुन्हा मतदान झालं. त्या म्हाताऱ्या बाई पहिल्या आल्या होत्या म्हणे.

पण शब्दाचं जे व्हायचं ते झालं. नोंदीतला तो तुकडा कसा कोण जाणे बाहेर पडला आणि आठवड्याभरात तालुक्याच्या तोंडी झाला. "पिशवी बोलतेय" म्हणून पोरं एकमेकांना फोन करायची. सोबतीच्या चुकीच्या इशाऱ्याची चौकशी होऊन 'पिशवी: साहित्य नसून व्यक्ती असू शकते' अशी सुधारणा प्रणालीत झाली, यावर इनामदार साहेब महिनाभर हसत होते. आणि एक दिवस सोमेश्वरला फोन आला. हुबेहूब नीलांबरी. "अरे सोमेश, पिशवी बोलतेय. तुझ्या मोबाइलवर बँकेचा एक क्रमांक येईल, तेवढा सांग ना."

त्याने फोन ठेवला. संध्याकाळी तिला सांगितलं, "गेली आपली पिशवी."

तिला फार वाईट वाटलं. माणसाची सवय मोडावी लागते तसं. "दुसरा शब्द ठरवू या का?"

"ठरवून होतो होय? तो काय परवलीचा आकडा आहे! व्हायचा तेव्हा होईल आपोआप."

पुढच्या प्रशिक्षणाला नीलांबरीने प्रात्यक्षिक केलं नाही. तिने सगळ्यांना एवढंच विचारलं, की तुमच्या घरात असं काय आहे, जे कधीच कुठल्या फोनने ऐकलेलं नाही? मागच्या खुर्च्यांवरचेसुद्धा विचारात पडले. मग तिने पवनचक्क्यांची गोष्ट सांगितली, आणि सोबतीचं कौतुकही मोकळेपणाने केलं.

सोमेश्वरने मात्र स्वतःपुरता एक नियम केला. बायकोचा फोन आला की तो "बरं" एवढंच म्हणायचा, फोन ठेवायचा, आणि स्कूटर काढून शाळेतून थेट तालुक्याच्या कार्यालयात यायचा. नीलांबरी चिडायची. अरे, कामं असतात मला! लोक बघतात! तो ऐकायचा नाही. एके दिवशी अशीच ती पायऱ्या उतरून खाली आली, तर हा घामाघूम उभा, हेल्मेट काखेत.

"काय म्हणत होतीस फोनवर?"

"येताना कोथिंबीर आण, एवढंच रे!"

"हां. मग ठीक आहे. आणतो." आणि तो वळलाही.

नऊ किलोमीटर स्कूटर हाणून आलेला माणूस, कोथिंबिरीचं ऐकून तसाच परत निघालेला. नीलांबरीला हसू आवरेना. हसता हसता तिच्या तोंडून काहीतरी निघून गेलं, एकच शब्द, आधी कधीही न म्हटलेला, त्याला उद्देशून. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सोमेश्वर जागीच थांबला. त्याने आधी आजूबाजूला बघितलं, मग वर खिडक्यांकडे.

"फोन कुठंय तुझा?"

"वर. टेबलावर."

"माझा डिकीत आहे." तो दोन पावलं मागे आला आणि तिच्या अगदी जवळ उभा राहिला. "पुन्हा म्हण."